‘देणेघेणे मिटले’ ही ओळ लिहिण्याआधी : सोडचिठ्ठीच्या बैठकीला बसणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातील सरपंच, पोलीस पाटील, तंटामुक्त गाव समित्यांचे अध्यक्ष आणि सोडचिठ्ठीच्या बैठकीला बसणारी दोन्हीकडची जाणती पाहुणे मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

करवीर असो, कागल असो नाहीतर गडहिंग्लज, नवरा-बायकोचं पटेनासं झालं की कोर्टाची पायरी चढण्याआधी बैठक बसते. देवळात, ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये, नाहीतर मामाच्या सोप्यात. त्यात गैर काही नाही. दोन्ही घरं ओळखणारी माणसं समोर असतात, तारखा पडत नाहीत, खर्च होत नाही. पण त्या बैठकीतून निघणाऱ्या कागदात बहुतेक वेळा एक ठरलेली ओळ असते : ‘आजपासून उभयतांचे एकमेकांच्या स्थावर-जंगम मिळकतीवर कोणत्याही प्रकारचे हक्क, अधिकार, हितसंबंध राहिलेले नाहीत व सर्व देणेघेणे मिटलेले आहे.’ खाली दोघांच्या सह्या, चार साक्षीदार, नोटरीचा शिक्का. कोणती मिळकत, कुणाच्या नावावर, किती, कुठे, याचा वरच्या मजकुरात पत्ता नसतो. हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे. ती लिहिण्याआधी काय मोजावं, कोणता उतारा काढावा आणि कोणत्या क्रमाने जावं, ते सांगायला आम्ही लिहितो आहोत.

आधी त्या कागदाचंच बघू. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा स्टॅम्प गेला आणि पाचशेचा आला, पण कागदाची ताकद वाढली नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ खाली झालेलं लग्न नोटरीसमोरच्या सोडचिठ्ठीने तुटत नाही. समाजाच्या रूढीने काडीमोड होत असेल तर कायदा ती मानतो, पण ती रूढी जुनी, सलग आणि सर्वमान्य आहे हे कोर्टात पुराव्याने सिद्ध करावं लागतं. ‘आमच्यात चालतं’ एवढ्याने भागत नाही. काडीमोडीला लेखी कायद्याची चौकट असावी ही गोष्ट कोल्हापूरला नवी नाही, शाहू महाराजांच्या संस्थानाने १९१९ सालीच तसा कायदा केला होता. शिवाय शंभर रुपयांहून जास्त किमतीची स्थावर मिळकत नोंदणीशिवाय एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. म्हणजे त्या कागदाने लग्न मोडत नाही आणि घरही कुणाच्या नावावर होत नाही. होतं एवढंच की पुढे दागिने मागायला गेलेल्या बाईसमोर तिचीच सही धरली जाते.

आता दुसरा गैरसमज. घटस्फोट झाला की नवऱ्याच्या मालमत्तेत निम्मा वाटा, असं पुष्कळ जण धरून चालतात. तसा कायदा महाराष्ट्रात नाही. आंबोली उतरून गोव्यात गेलं की आहे : तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी कायद्याने, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात आणि घटस्फोटात ती निम्मी-निम्मी होते. आपल्याकडे बायकोला नवऱ्याच्या स्थावरात वाटा द्यावा अशी तरतूद असलेलं विधेयक २०१३ साली राज्यसभेत मंजूर झालं होतं, पण लोकसभेत राहून गेलं आणि २०१४ ला लोकसभा विसर्जित झाली तेव्हा बाद झालं. त्यामुळे ज्याच्या नावावर त्याचं, हा नियम कायम आहे. हिंदू विवाह कायद्याचं कलम २७ कोर्टाला वाटणीचा अधिकार देतं तो लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास मिळालेल्या, दोघांच्या मालकीच्या वस्तूंपुरता. बाकीच्या मिळकतीचा नवरा-बायकोतला वाद कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ च्या कलम ७ खाली त्याच कोर्टात नेता येतो, पण तिथे मालकी कागदाने आणि पैशाच्या मागाने दाखवावी लागते.

म्हणून बैठकीत पहिल्यांदा तीन ढीग करावेत. एक, जे मुळात एकट्या तिचं किंवा एकट्या त्याचं आहे आणि फक्त परत द्यायचं आहे. दोन, जे दोघांच्या पैशाने किंवा दोघांच्या नावाने उभं राहिलं. तीन, जे एकाच्याच मालकीचं आहे, पण त्यातून दुसऱ्याच्या पोटगीची सोय करावी लागेल. हे तिन्ही एकत्र कालवून ‘पाच लाखांत मिटवा’ म्हटलं की बहुतेक वेळा तिचंच सोनं विकून आलेले पैसे तिला पोटगी म्हणून दिले जातात. हे आम्ही जपून, पण पूर्ण खात्रीने लिहितो आहोत.

पहिल्या ढिगात सोनं. माहेरने घातलेलं, सासरने अंगावर घातलेलं, मामाने-आत्याने दिलेलं, सगळं स्त्रीधन, आणि मालकीण ती एकटी. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८५ साली स्पष्ट केलं : दागिने सासरच्या कपाटात असले तरी सासरचे लोक फक्त सांभाळणारे, आणि मागितल्यावर न देणं हा विश्वासघाताचा गुन्हा. २०२४ मध्ये केरळच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने पुन्हा सांगितलं की स्त्रीधन ही नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता नव्हे. नवऱ्याने अडचणीत वापरलं तरी ते भरून देणं त्याच्यावर आहे. त्या प्रकरणात दागिन्यांपोटी २५ लाख रुपये द्यायला लावले. तेव्हा बैठकीत ‘सोनं घर बांधायला मोडलं, आता कुठलं आणायचं’ हे उत्तर ऐकून पुढच्या विषयाकडे जाऊ नये.

सोन्याची यादी कशी करायची ते जरा बारकाईने सांगतो, कारण सगळ्यात जास्त भांडण इथेच होतं. लग्न ठरताना जी याद केली असेल ती दोन्हीकडून मागवा. खरं तर हुंडाबंदी कायद्याच्या १९८५ च्या नियमांनी लग्नात आलेल्या भेटींची यादी, वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहून, वधू-वरांच्या सह्यांनिशी ठेवायला सांगितलेलं आहे. ती फार थोड्या घरांत सापडते. मग लग्नाचा अल्बम आणि व्हिडिओ काढा, त्यातला एकेक दागिना ओळखा आणि गुजरीतल्या सराफाची बिलं जोडा. प्रत्येक दागिन्यापुढे लिहायचं ते असं : नाव (साज, ठुशी, पाटल्या, बांगड्या, मंगळसूत्र), नग, ग्रॅममध्ये वजन, कॅरेट, कुणी घातला, आज कुठे आहे. वजन तोळ्यात लिहू नका. बाजारात आज तोळा म्हणजे १० ग्रॅम, पण जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, ‘२० तोळे’ या शब्दात २०० ग्रॅमही बसतात आणि २३३ ग्रॅमही. आत लाख असलेल्या किंवा खडे बसवलेल्या दागिन्याचं एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगळं येतं, म्हणून दोन्ही रकाने हवेत. अलीकडच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्क क्रमांक असतो, तो भिंगातून वाचून यादीत घ्या; नंतर ‘हा तो दागिना नव्हेच’ हा वाद उरत नाही. जुन्या दागिन्यांना तो नसतो, तिथे फोटो जोडा.

दागिना मोडला असेल तर सराफाची मोडीची पावती बघा, तारीख जुळवा आणि त्या सुमारास पैसे कुठे गेले ते शोधा : बोअर, ट्रॅक्टरचा पहिला हप्ता, दिराचं लग्न. गहाण असेल तर पतसंस्थेची तारण पावती नवऱ्याच्या नावावर असते, त्यामुळे सोडवून आणायचं काम आणि व्याज त्याच्याकडे, असं स्पष्ट लिहा. परत देण्याची तारीख घाला. आणि त्या तारखेला वस्तू दिली नाही तर ‘पैसे देण्याच्या दिवशीच्या २२ कॅरेटच्या दराने, निव्वळ वजनाला’ असं लिहा. नुसती रक्कम लिहिली की वर्षभर रेंगाळवून जुन्या दराने फेडण्याची वाट मोकळी राहते. भांडी, कपाट, पलंग, शिलाई मशीन यांची यादीही करा, पण त्यावर दोन तास घालवू नका.

पुढची गोष्ट म्हणजे मिळकत आणि उत्पन्न खरं काय ते समोर येणं. ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनीही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचा नियम घातला, आणि शेतीवर जगणाऱ्यांसाठी त्याचा वेगळा नमुना दिला. हा नमुना बैठकीत का वापरू नये? दोघांनीही तो भरून आणावा. आपल्या जिल्ह्यात ‘शेती आहे, पण हातात काही राहत नाही’ हे उत्तर नेहमीचं. ते तपासायला चार कागद पुरतात : सातबारा आणि आठ-अ, कारखान्याकडचा मागच्या तीन हंगामांचा ऊस बिलाचा तपशील, सेवा सोसायटीचा पीककर्जाचा खातेउतारा, आणि दूध संस्थेचं पुस्तक.

त्या दुधाच्या पुस्तकाकडे नीट बघा. खातं नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असतं, दर दहा दिवसांचं बिल त्याच खात्यावर, दिवाळीचा दरफरकही तिथेच. पहाटे उठून शेण काढणारी, वैरण घालणारी, धारा काढणारी बाई त्या पुस्तकात कुठेच नसते. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये एका निकालात, गृहिणीच्या घरकामामुळेच नवऱ्याला कमावता आलं, म्हणून त्या कमाईतून घेतलेल्या मिळकतीत तिचा निम्मा हिस्सा धरला. तो निकाल आपल्या कोर्टांना बंधनकारक नाही. पण बैठकीचे हात कुणी बांधलेले नसतात. दोन म्हशींचं दहा वर्षांचं बिल समोर ठेवून तिच्या कष्टाचा हिशेब करायला आपल्याला कायद्याची परवानगी लागत नाही.

दुसऱ्या ढिगात शहरातला किंवा तालुक्याच्या गावचा फ्लॅट. दोघांची नावं असतील आणि करारात हिस्सा लिहिला नसेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४५ लावतात : ज्याने जितके पैसे घातले तितका त्याचा वाटा, आणि पुरावा नसेल तर निम्मा-निम्मा. एक आकडेमोड करून दाखवतो. फ्लॅट ४० लाखांना घेतला. सुरुवातीचे १० लाख, त्यांत ६ तिच्या वडिलांचे, ४ त्याच्या बचतीचे. ३० लाख कर्ज, त्यातलं ८ लाख मुद्दल दोघांच्या पगारातून फिटलं, २२ लाख बाकी. आजची किंमत ५५ लाख धरली तर कर्ज वजा जाता ३३ लाख उरतात. आधी ज्याचे त्याला, ६ आणि ४. उरलेले २३ लाख, हप्ते सारखे भरले असतील तर साडेअकरा-साडेअकरा. म्हणजे तिचे साडेसतरा, त्याचे साडेपंधरा. हप्ते एकट्यानेच भरले असतील आणि दुसऱ्याने त्या काळात घर, पोरं, म्हातारी माणसं सांभाळली असतील, तर काय धरायचं हे ठरवायलाच तर जाणती माणसं बोलावलेली असतात. कायदा असं सूत्र देत नाही, पण आकडे असे मांडले की भांडण भावनेवरून हिशेबावर येतं.

फ्लॅट एकट्या बायकोच्या नावावर आहे, असंही आता पुष्कळदा दिसतं, कारण महाराष्ट्रात २०२१ पासून महिलेच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. तिथे नवरा पैसे आपले असल्याचं म्हणू शकतो. ज्ञात उत्पन्नातून बायकोच्या नावे घेतलेली मिळकत बेनामी ठरत नाही, त्यामुळे त्याचा दावा ऐकला जातो. सिद्ध करायचं ओझं मात्र त्याच्यावर.

इथली मोठी चूक कर्जाची. ‘फ्लॅट तिने ठेवावा, हप्ते तिने भरावेत’ असं तडजोडीत लिहिलं तरी बँक त्या तडजोडीला बांधील नसते. सहकर्जदार म्हणून नवऱ्याचं नाव राहतंच. तीन वर्षांनी हप्ता थकला की नोटीस दोघांना, आणि त्याला दुसरं कर्ज मिळत नाही. उलटही तसंच. म्हणून क्रम असा ठेवा : आधी बँकेला लेखी विचारायचं की एकाच्या उत्पन्नावर कर्ज चालू ठेवता का. होकार आला तर कर्जातून दुसऱ्याचं नाव कमी करून घ्यायचं, मग हिस्स्याचा दस्त नोंदवायचा, मग सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या दस्ताचा उतारा) घेऊन सिटी सर्व्हेला प्रॉपर्टी कार्ड, सोसायटीत शेअर सर्टिफिकेट, घरफाळा आणि लाइट बिल. बँक नाही म्हणाली तर विकून कर्ज फेडून उरलेले वाटून घेणं हाच सरळ मार्ग.

दस्त कोणता, यातही पैसे वाचतात किंवा बुडतात. राहतं घर किंवा शेतजमीन नवरा-बायकोने एकमेकांना बक्षीसपत्राने दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये. नोंदणीचा बाकी खर्च दुय्यम निबंधकाकडे आधी विचारून घ्यावा. हक्कसोडपत्राला नाममात्र शुल्काची सवलत आहे ती वडिलोपार्जित मिळकतीपुरती. दोघांनी विकत घेतलेल्या फ्लॅटचा हिस्सा हक्कसोडीने दिला तर खरेदीखताच्या दराने शुल्क लागतं. आणि बक्षीसपत्राची सवलत पती-पत्नींना आहे. घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की ते नातं कायद्याने संपतं. म्हणून दस्त हुकूमनाम्याआधी व्हायला हवा. आधी दस्त दिला आणि समोरचा नंतर कोर्टात फिरला तर काय, ही भीती रास्त आहे; त्यासाठी दस्त आणि शेवटच्या अर्जावरची सही एकाच आठवड्यात ठेवा, आणि रोख रकमेचा मोठा भाग डिमांड ड्राफ्टने त्याच दिवशी कोर्टासमोर द्या.

सासू-सासऱ्यांच्या नावच्या घरात ती राहत असेल तर ‘घर तुझ्या नवऱ्याचंच नाही, नीघ’ असं म्हणून भागत नाही. मालकी तिची नाही हे खरं. पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला सामाईक घरात राहण्याचा हक्क आहे, आणि ते घर सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी तो हक्क मागता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितलं. तिला बाहेर काढायचं तर कायद्याच्या मार्गाने. गावठाणातल्या घरासाठी ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा मालकीचा पुरावा म्हणून पुढे केला जातो. तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे.

जमिनीकडे येतो. सासऱ्यांच्या किंवा भावकीच्या सामाईक सातबाऱ्यावर सुनेला मालक म्हणून वाटा नाही. मात्र एक जुनी गोष्ट बैठकीत कुणी काढत नाही : वडील आणि मुलांत वडिलोपार्जित जमिनीची वाटणी होते तेव्हा आपल्या भागातल्या हिंदू कायद्याने वडिलांच्या पत्नीलाही मुलाइतका वाटा मिळतो. ती स्वतः वाटणी मागू शकत नाही, पण झाली तर तिचा वाटा पडतो, आणि तो ती पत्नी असेपर्यंतच. घटस्फोट वाटणीआधी झाला की हा वाटा गेला, म्हणून रक्कम ठरवताना त्याची किंमत धरा.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेनंतर सरकारने १९९२ साली परिपत्रक काढून पत्नीचं नाव सहधारक म्हणून सातबाऱ्याला लावायची वाट करून दिली. ज्यांनी तेव्हा किंवा नंतर नाव लावलं, त्या घरांत ‘नाव तेवढं लावलंय, जमीन काय तिची नाही’ असं म्हणता येणार नाही. उतारा आणि फेरफार दोन्ही बघा.

तिसऱ्या ढिगातून, पोटगीऐवजी जमिनीचा तुकडा द्यायचं ठरलं तर तो कागदावर टिकेल का, ते आधी तपासा. बागायतीत १० गुंठे आणि जिरायतीत २० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र; शेतीच्या वापरातल्या जमिनीचा त्याहून लहान तुकडा पाडून दिला तर तुकडेबंदीत अडकतो. जमीन वतनाची किंवा भोगवटादार वर्ग दोनची असेल तर आधी परवानगी लागते. घेणारी बाई शेतकरी खातेदार आहे का, माहेरच्या आठ-अ वर तिचं नाव आहे का, हेही बघावं लागतं, कारण बिगरशेतकऱ्याला शेतजमीन देण्यावर बंधन आहे. या तिन्हींत अडचण असेल तर तुकडा देण्यापेक्षा पोटगीचा बोजा जमिनीवर चढवणं सोपं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली कोर्ट तसा हुकूम करू शकतं. हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल तलाठ्याकडे द्यायची, फेरफार धरला की हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस असतात, आणि मग ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा दिसू लागतो. त्यानंतर जमीन घेणारा बोजा माहीत नव्हता म्हणू शकत नाही.

दावा चालू असताना जमीन विकली जाण्याची भीती असेल तर महाराष्ट्रात एक ज्यादा काम करावं लागतं : स्थावर मिळकतीचा दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. ती नोंदवली नसेल तर घेणाऱ्यावर दाव्याचं बंधन येत नाही. बाहेरच्या राज्यातला सल्ला इथे चालत नाही.

मुलगी माहेरी परत येते तेव्हा माहेरच्या जमिनीचाही प्रश्न उभा राहतो. २००५ पासून देशभर, आणि महाराष्ट्रात त्याआधी १९९४ च्या दुरुस्तीने, मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क आला. लग्नानंतर लगेच भावांनी हक्कसोडपत्रावर सही घेतली असेल तर तो दस्त नोंदलेला आहे का, तिने तो समजून दिला का, हे बघायला हवं. भाऊ म्हणून बैठकीला बसलेल्यांनी सासरकडे वाटा मागताना हा विचार जरूर करावा.

देण्यांबद्दल बैठकीत सगळ्यात कमी बोललं जातं, आणि सोडचिठ्ठीनंतर बायका सर्वांत जास्त अडकतात ते इथेच. बचत गटातून किंवा मायक्रोफायनान्समधून कर्ज तिच्या नावावर, पैसे मात्र गोठ्याला, बोअरला, नाहीतर नवऱ्याच्या जुन्या उधारीला गेलेले. गट तिला ओळखतो, नवऱ्याला नाही. ती माहेरी गेली तरी हप्त्याच्या दिवशी फोन तिलाच. नवऱ्याच्या पतसंस्थेच्या कर्जाला ती जामीनदार असेल तर जबाबदारी कर्जदाराइतकीच, आणि घटस्फोटाने ती सुटत नाही. म्हणून दोघांच्या नावावरच्या प्रत्येक कर्जाची बाकी, पैसा कुठे खर्च झाला आणि पुढे कोण फेडणार, हे तीन रकाने करा. जामीन बदलून घ्यायचं काम कर्जदाराने सोडचिठ्ठीआधी करावं. नुसतं ‘मी फेडीन’ लिहून संस्था मोकळं करत नाही. दोघांच्या नावची ठेव ‘कोणीही एक’ अशी असेल तर कुणीही एकजण काढून नेतो, म्हणून बोलणी सुरू होताच बँकेला पत्र देऊन दोघांच्या सह्यांशिवाय पैसे देऊ नयेत असं कळवा. नॉमिनी म्हणून लावलेला माणूस मालक नसतो, पण नाव बदलायचं राहिलं की पुढच्या पिढीला त्रास होतो; विमा, प्रॉव्हिडंट फंड, बँक, सगळीकडे बदला. गाडीची मालकी बदलायला आरटीओत फॉर्म २९ आणि ३०, आणि विमाही नव्या नावाने.

शिरोली-गोकुळ शिरगावातला कारखाना किंवा इचलकरंजीतले माग भागीदारीत असतील तर यंत्र मोजून वाटणी होत नाही. भागीदारीचा करार आणि ताळेबंद बघून हिश्श्याची रक्कम ठरवावी लागते, आणि एमआयडीसीचा भूखंड भाडेपट्ट्याचा असल्याने तो परस्पर कुणाच्या नावावर करता येत नाही.

लेकरांचा हक्क आई-बापांच्या सोडचिठ्ठीत सुटत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगा आणि मुलगी दोघांचाही जन्माने हक्क असतो. ‘मुलाचा हक्कही सोडला’ असं लिहून घेणारे कागद बनतात. कोर्टाच्या परवानगीशिवाय पालकाला अज्ञान (अठरा वर्षांखालच्या) मुलाची स्थावर मिळकत देऊन टाकता येत नाही. ती ओळ लिहू नका. नोटरीच्या कागदावर बाईने पोटगीचा हक्क सोडल्याचं लिहिलं तरी असा करार सार्वजनिक हिताविरुद्ध आहे, असं मुंबई उच्च न्यायालयानेही म्हटलं आहे.

मुस्लिम कुटुंबांच्या बैठकांनाही यादीची रीत तशीच लागू पडते. १९८६ च्या कायद्याने तलाक झालेल्या बाईला मेहर (लग्नात नवऱ्याने कबूल केलेली रक्कम), लग्नाआधी, लग्नात आणि नंतर नातेवाईक, मित्र, नवरा यांनी दिलेल्या सगळ्या वस्तू, आणि इद्दतच्या (तलाकनंतर पाळायच्या ठरावीक मुदतीच्या) काळातच तिच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तजवीज मिळायला हवी. ती तजवीज फक्त इद्दतपुरती नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सांगितलं.

बैठकीत सगळं ठरलं की ते कोर्टात कसं न्यायचं? दोघं वर्षभर वेगळे राहत असतील तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली संमतीचा अर्ज. अर्ज आणि अंतिम हुकूम यांत सहा महिने असतात. २०१७ पासून योग्य प्रकरणात कोर्ट ते माफ करू शकतं. इथे एक बारकी पण महागात पडणारी चूक होते. अर्जात फक्त लग्न आणि बेबनाव यांचं वर्णन असतं, आणि फ्लॅट नाहीतर जमीन येते ती एकदम शेवटच्या तडजोडीच्या पुरशीसमध्ये (कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनात). जी स्थावर मिळकत मूळ दाव्याचा विषय नव्हती ती तडजोडीत घातली, तर तो हुकूमनामा नोंदवावा लागतो. हे माहीत नसतं, नोंदणीची चार महिन्यांची मुदत निघून जाते, आणि तलाठी किंवा सिटी सर्व्हे कार्यालय फेरफार धरत नाही. म्हणून पहिल्याच अर्जात मिळकतीचा पूर्ण पत्ता, गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, बांधकामाचं क्षेत्रफळ लिहा, आणि तिच्याबद्दलची मागणीही लिहा.

नकाशे, उतारे काढायला फार पैसा लागत नाही. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. महाराष्ट्रात पोटगी, मिळकतीचा वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या दाव्यांत महिलांना १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. वकिलाची फी झेपत नसेल तर महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो; कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा, किंवा १५१०० वर फोन. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही कोल्हापुरात बसतं, त्यामुळे अपिलासाठी मुंबईच्या फेऱ्या घालण्याचं भय दाखवून कुणाची सही घेऊ नये.

आमची आपल्याला एकच विनंती आहे. बैठक आणि सही एका दिवशी ठेवू नका. पहिल्या दिवशी तीन ढिगांच्या कोऱ्या याद्या दोन्हीकडे द्या, उतारे आणि पुस्तकं आणायला आठ दिवस द्या, दुसऱ्या बैठकीत आकडे समोर ठेवून बोला. बाई बैठकीला हजर असावी, तिच्या वतीने फक्त भाऊ किंवा चुलता नको. कुठला दागिना कुठल्या कपाटात आहे आणि गटाचं कर्ज कशाला काढलं, हे तिलाच माहीत असतं. आणि त्या शेवटच्या ओळीच्या जागी असं लिहा : ‘सोबत जोडलेल्या यादी क्रमांक १, २ व ३ मधील वस्तू, रकमा व मिळकती त्यांत लिहिलेल्या तारखांप्रमाणे प्रत्यक्ष मिळाल्यावर व त्यांची पोचपावती दिल्यावरच, त्या-त्या बाबीपुरते देणेघेणे मिटले असे समजावे. यादीत नसलेल्या बाबींबद्दलचे हक्क अबाधित आहेत.’

आपले,
कौटुंबिक दाव्यांत काम करणारे काही वकील आणि समुपदेशक,
कोल्हापूर